वजन उतरले, दुखणे उरले

वाचकांचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरे

वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेनंतर टाचा, खुबे, गुडघे किंवा सगळे अंगच दुखू लागले, अशा आशयाची पत्रे या सदराकडे रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतून आली आहेत. शस्त्रक्रिया मुंबई, पुणे, कोल्हापूर किंवा गोव्यात होते आणि सुरुवातीच्या तपासण्याही तिथेच होतात. पुढे रात्रभराचा प्रवास, शेतीची कामे आणि पावसाळा आडवा येऊन तिथले जाणे तुटते आणि दुखणे घेऊन माणूस बाजारातल्या मेडिकलच्या काउंटरवर उभा राहतो. या पत्रांतली निम्मी गुंतागुंत त्या काउंटरवर सुरू झालेली आहे, म्हणून उत्तरे थोडी विस्ताराने देत आहे.

उत्तरांत दोन शस्त्रक्रियांचा उल्लेख येईल. 'स्लीव्ह'मध्ये जठराचा तीन चतुर्थांशांहून अधिक भाग काढून उरलेल्या भागाची अरुंद नळी ठेवतात. 'बायपास'मध्ये जठराच्या वरच्या टोकाची लहानशी पिशवी वेगळी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात, त्यामुळे जठराचा मोठा भाग आणि आतड्याचा सुरुवातीचा भाग अन्नाच्या वाटेतून वगळला जातो.

प्रश्न : मी ५२ वर्षांची असून मालवण तालुक्यात राहते. सव्वा वर्षापूर्वी माझी बायपास शस्त्रक्रिया झाली. वजन ११२ किलोवरून ७६ वर आले, मधुमेहाच्या गोळ्या सुटल्या, गुडघेही पूर्वीपेक्षा पुष्कळ बरे आहेत. परंतु गेले तीन महिने सकाळी उठून पहिले पाऊल टाकले की उजव्या टाचेत खिळा रुतल्यासारखे होते, आणि रात्री त्या कुशीवर झोपले की खुब्याची बाहेरची बाजू ठणकते. मी रोज दीड तास समुद्रावर चालते. सर्जननी दुखण्याची गोळी कधीही घ्यायची नाही, असे बजावले आहे. मेडिकलवाले म्हणतात, 'यात पॅरासिटामॉलच आहे, काही होत नाही.' घरातल्यांना वाटते की एवढे वजन उतरल्यावर दुखणे वाढण्याचे कारणच नाही. मी गोळी घ्यावी का आणि चालणे बंद करावे का?

उत्तर : ताई, आधी गोळीचे पाहू, कारण त्यातला धोका टाचेच्या दुखण्याहून मोठा आहे. आपल्याला दिलेली पट्टी उलटी करा आणि चष्मा लावून मागची बारीक अक्षरे वाचा. आपल्याकडे सर्रास खपणाऱ्या दुखण्याच्या गोळ्यांत पॅरासिटामॉल ३२५ मिलिग्रॅम असे लिहिलेले असते, हे खरे. पण त्याच्याच वरच्या किंवा खालच्या ओळीत ऍसिक्लोफेनॅक १०० मिलिग्रॅम, डायक्लोफेनॅक ५० मिलिग्रॅम किंवा आयबुप्रोफेन ४०० मिलिग्रॅम असाही उल्लेख असतो. मेडिकलवाल्यांनी आपल्याला खोटे सांगितले नाही, अर्धे सांगितले. सर्जननी मनाई केली आहे ती या दुसऱ्या ओळीतल्या औषधांना. डॉक्टरांच्या बोलण्यात या गटाला एनएसएआयडी म्हणतात, आणि नॅप्रॉक्सेन, निमेसुलाइड, मेफेनॅमिक ऍसिड, पिरॉक्सिकॅम हीदेखील त्याच गटातली.

ही औषधे शरीरातील प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायने तयार होऊ देत नाहीत. सूज आणि वेदना त्या रसायनांमुळे होतात, म्हणून दुखणे थांबते. परंतु जठराच्या आतल्या अस्तराचे आम्लापासून रक्षण करण्याचे कामही तीच रसायने करतात. बायपासमध्ये जठराची पिशवी जिथे आतड्याला जोडलेली असते तिथल्या आतड्याला आम्लाची सवय मुळातच नसते, आणि संरक्षण कमी झाले की नेमका तिथे अल्सर होतो. कधी तो पोटात जळजळ होऊन कळतो, कधी काहीच न कळता एकदम रक्तस्राव होतो किंवा आतड्याला छिद्र पडते. विडी-सिगारेटमुळे हा धोका आणखी वाढतो. 'गोळी नको तर इंजेक्शन घेते' ही पळवाटही उपयोगाची नाही, कारण अस्तराचे नुकसान मुख्यतः रक्तातून पोहोचलेल्या औषधामुळे होते. ते कमरेत टोचले काय किंवा तोंडाने घेतले काय, जठराला फरक पडत नाही. आपण अशा गोळ्या आधीच घेतल्या असतील आणि डांबरासारखी काळी शौच, रक्ताची उलटी किंवा पोटात अचानक असह्य कळ असे काही झाले, तर घरगुती उपाय न करता थेट रुग्णालय गाठावे आणि बायपास झाल्याचे पहिल्या वाक्यात सांगावे. हृदयविकारासाठी कोणाला लहान मात्रेची ऍस्पिरिन चालू असेल, तर मात्र ती या उत्तराच्या भरवशावर बंद करू नये. सर्जन आणि हृदयरोगतज्ज्ञ या दोघांनी मिळून तो निर्णय घ्यायचा असतो.

मग घ्यायचे काय? ज्याच्या पट्टीवर फक्त पॅरासिटामॉल लिहिले आहे, अशी ५०० किंवा ६५० मिलिग्रॅमची साधी गोळी. सर्व मार्गांनी मिळून दिवसाला ३ ग्रॅमच्या वर जाऊ नये आणि सर्दीतापाच्या गोळ्यांतही हेच औषध असते हे हिशेबात धरावे. यकृताचा आजार असलेल्यांनी आणि नियमित मद्य घेणाऱ्यांनी मात्रा डॉक्टरांना विचारूनच ठरवावी. डायक्लोफेनॅकचे मलम त्वचेतून रक्तात फार थोडे उतरते, म्हणून गुडघा किंवा मनगट अशा वरवरच्या जागी काही दिवस लावायला सर्जन बहुधा हरकत घेत नाहीत. तरी त्यांना एकदा फोन करून विचारावे. टाचेच्या जाड कातडीतून आणि खुब्याच्या खोल भागापर्यंत त्याचा फारसा प्रभाव पोहोचत नाही, त्यामुळे आपल्या दोन्ही दुखण्यांना मलमाचा आधार तसा कमीच.

आता घरातल्यांच्या शंकेबद्दल. गुडघ्याच्या बाबतीत त्यांचे म्हणणे बरोबर आहे. गुडघ्याची झीज असलेल्या स्थूल लोकांवर अमेरिकेत झालेल्या आणि २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले की एक किलो वजन कमी झाले की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो. आपले ३६ किलो उतरले, म्हणजे प्रत्येक पावलाला १४० किलोंच्या आसपास भार हलका झाला. गुडघे सुधारले ते म्हणूनच. परंतु जी व्यक्ती वर्षानुवर्षे घर ते खळे एवढेच चालत होती ती आता दीड तास वाळू तुडवते आहे. एकेका पावलाचा भार घटला आणि पावले कितीतरी पटींनी वाढली. स्नायू अशा वाढीव कामाला काही आठवड्यांत सरावतात. स्नायूला हाडाशी जोडणारी कंडरा, जिला डॉक्टर टेंडन म्हणतात, तिला आणि तळपायाच्या जाड पट्ट्याला मात्र महिने लागतात. त्यातच झपाट्याने उतरलेल्या वजनात चरबीबरोबर स्नायूही गेलेला असतो, म्हणजे पूर्वी मांडी-पोटरीने पेललेला झटका आता कंडरेवर येतो.

सकाळच्या पहिल्या पावलाला दुखणारी आणि दहावीस पावलांनंतर सैल होणारी टाच हे तळपायाच्या पट्ट्याच्या दुखण्याचे नेहमीचे लक्षण आहे. टाचेच्या पुढच्या आणि आतल्या बाजूला अंगठ्याने दाबून पाहा. तिथे एका ठरावीक जागी कळ आली, तर निदान जवळजवळ निश्चित समजावे. अंथरुणातून पाय खाली टाकण्यापूर्वी टॉवेल किंवा जुनी ओढणी चवड्याला अडकवून, गुडघा सरळ ठेवून, पाऊल अर्धा मिनिट आपल्याकडे ओढून धरावे. असे तीनचार वेळा करावे. त्याहून महत्त्वाचा व्यायाम घराच्या पायरीवर होतो. पायरी कोरडी असावी. पावसाळ्यात जांभ्याच्या चिऱ्यावर शेवाळ धरते, तिथे हा प्रयोग नको. टॉवेलची लहान गुंडाळी करून ती पायरीच्या कडेला ठेवावी, पायाची बोटे तिच्यावर आणि टाच हवेत राहील असे उभे राहावे, भिंतीला हात टेकावा. तीन सेकंदांत टाच उचलावी, दोन सेकंद वर थांबावे, तीन सेकंदांत खाली सोडावी. सुरुवातीला दोन्ही पायांवर आणि जमू लागले की दुखऱ्या एका पायावर, एका वेळी दहाबारा वेळा, मध्ये विश्रांती घेऊन तीन फेऱ्या. हे एक दिवसाआड करायचे आहे. रोज केल्याने लवकर बरे वाटत नाही.

हे करताना थोडे दुखणारच. शून्य ते दहा अशा मोजपट्टीवर दुखणे तीन-चारच्या आत राहिले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीपेक्षा वाढलेले नसले, तर व्यायाम योग्य प्रमाणात आहे. सकाळी वाढलेले असेल, तर तो थांबवण्याची गरज नाही, फक्त फेऱ्या कमी कराव्यात. कंडरेला पूर्ण विश्रांती दिली की ती आणखी दुबळी होते, हा मुद्दा घरातल्या वडीलधाऱ्यांना पटवून देणे सर्वांत अवघड जाते, असा माझा अनुभव आहे.

म्हणजे चालणे बंद करायचे नाही, बदलायचे आहे. दीड तासाऐवजी सध्या अर्धा तास, आणि तोही कोरड्या भुसभुशीत वाळूत नव्हे. त्या वाळूत टाच प्रत्येक पावलाला खाली रुतते आणि पोटरी, टाचेमागची कंडरा व तळपाय सगळेच जास्त ताणले जातात. ओहोटीच्या वेळी ओल्या घट्ट पट्टीवर चालावे. किनाऱ्याला समुद्राकडे उतार असतो, त्यामुळे एक पाय सतत खालच्या बाजूला पडतो. जितके अंतर जाताना चालाल तितकेच त्याच पट्टीवरून परत यावे, म्हणजे दोन्ही पायांना सारखा वाटा मिळेल. टाच बरी होईपर्यंत अनवाणी नको. आपल्याकडे चपला ओट्यावर काढून घरभर थंड लादीवर अनवाणी फिरण्याची पद्धत आहे; घरात घालायला मऊ तळव्याचा स्वच्छ वेगळा जोड ठेवल्याने शिस्तही मोडत नाही आणि टाचही वाचते.

खुब्याच्या बाहेरच्या बाजूचे दुखणे बहुधा तिथल्या कंडरेचे आहे. आपल्या वयाच्या स्त्रियांत ते खूप आढळते. दुखऱ्या कुशीवर झोपू नये, दुसऱ्या कुशीवर झोपताना दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये उशी घ्यावी, एका पायावर कंबर सोडून उभे राहू नये आणि मांडीवर मांडी टाकून बसू नये. ही कंडरा ओढून ताणण्याचे व्यायाम पुष्कळ जण सुचवतात. त्यांनी बहुधा दुखणे वाढते. खुर्चीतून हातांचा आधार न घेता सावकाश उठणे-बसणे हा त्यापेक्षा चांगला व्यायाम.

टाच बरी व्हायला सहा महिने ते वर्षही लागू शकते. मध्येच कंटाळून टाचेत स्टेरॉइडचे इंजेक्शन घ्यावेसे वाटेल. त्याने काही आठवडे आराम पडतो. परंतु तळपायाचा पट्टा फाटण्याचा आणि टाचेखालची चरबीची गादी झिजण्याचा धोका असतो, आणि आपली सुटलेली साखर काही दिवस पुन्हा वर जाऊ शकते. तो उपाय शेवटी ठेवावा. आणखी एक गोष्ट, जी सहसा कोणी सांगत नाही : पावसाळ्यात जुलाब किंवा लघवीच्या संसर्गासाठी सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन, ओफ्लॉक्सासिन ही प्रतिजैविके सहज दिली जातात. त्यांनी कंडरा दुखावण्याचा, क्वचित तुटण्याचा धोका असतो, विशेषतः साठीनंतर आणि सोबत स्टेरॉइड चालू असेल तर. अमेरिकेच्या औषध नियामकाने २००८ मध्ये त्यांच्या वेष्टनावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला. कंडरेचे दुखणे चालू आहे हे डॉक्टरांना आधी सांगितले, तर बहुतेक वेळा दुसरे औषध देता येते.

प्रश्न : वय ४४, दापोली तालुका. अडीच महिन्यांपूर्वी स्लीव्ह शस्त्रक्रिया झाली, १९ किलो वजन उतरले. मागच्या आठवड्यात मध्यरात्री पायाचा अंगठा सुजून लाल झाला, त्याला चादरही लागू देववेना. युरिक ऍसिड तपासले ते ६.४ आले, म्हणून 'हा गाउट नाही' असे सांगण्यात आले. आमच्या घरी मासळीशिवाय जेवण होत नाही. ती सोडावी लागेल का?

उत्तर : आपण वर्णन केलेला झटका गाउटचाच, म्हणजे युरिक ऍसिडचे स्फटिक सांध्यात साचून होणाऱ्या दुखण्याचाच, असण्याची दाट शक्यता आहे. झटक्याच्या काळात रक्तातले युरिक ऍसिड पुष्कळदा खाली येते, त्यामुळे त्या वेळच्या आकड्यावरून गाउट नाही असे म्हणता येत नाही. दोनतीन आठवड्यांनी तपासणी पुन्हा करावी. शंका उरलीच, तर सांध्यातील पाणी काढून सूक्ष्मदर्शकाखाली स्फटिक दिसतात का ते पाहतात. लालसर सुजेबरोबर ताप आणि थंडी असेल, तर मात्र वाट पाहू नये, कारण सांध्यात पू झाला असेल तर काही दिवसांत सांधा कायमचा खराब होतो.

शस्त्रक्रियेनंतरचे पहिले काही महिने गाउटला अनुकूल असतात. वजन झपाट्याने उतरताना पेशी मोडून युरिक ऍसिड तयार होते. उपासमारीत चरबी जळून जी कीटोन द्रव्ये निर्माण होतात ती मूत्रपिंडातून युरिक ऍसिड बाहेर पडू देत नाहीत, आणि जठर लहान झाल्यामुळे पाणी कमी प्यायले जाते. म्हणून पहिले औषध पाणी : जेवणाच्या आधी व नंतर अर्धा तास सोडून, दिवसभर घोटघोट, दीड ते दोन लिटर. वैशाखातल्या घामाच्या दिवसांत त्याहून थोडे अधिक. रक्तदाबासाठी हायड्रोक्लोरोथायाझाइड असलेली गोळी चालू असेल, तर डॉक्टरांना ती बदलता येईल का ते विचारावे. ती युरिक ऍसिड वाढवते आणि शस्त्रक्रियेनंतर पुष्कळांना तिची गरजही राहत नाही.

झटक्यासाठी सर्रास देतात ती वेदनाशामके आपल्याला स्लीव्ह असल्यामुळे बायपासइतकी कडक वर्ज्य नाहीत. परंतु इतक्या लवकर ती टाळावीत, हेच शहाणपणाचे. कोल्चिसिन लहान मात्रेत, मूत्रपिंडाची तपासणी पाहून, हा चांगला पर्याय आहे. त्याने जुलाब झाले तर लगेच कळवावे, नाहीतर पाणी कमी होऊन झटका पुन्हा येतो. ऍलोप्युरिनॉल किंवा फेबुक्सोस्टॅट हे युरिक ऍसिड कमी करणारे औषध आधीपासून चालू असेल, तर झटका आला म्हणून ते थांबवू नये.

मासळी सोडू नये. आपल्याला रोज ६० ते ८० ग्रॅम प्रथिने लागणार आहेत आणि कोकणात ती मिळवण्याचा सर्वांत सोपा मार्ग तोच आहे. झटका ओसरेपर्यंत तारली, मांदेली आणि तिसऱ्यांसारखे शिंपले बाजूला ठेवावेत, कारण त्यांत युरिक ऍसिड निर्माण करणारे प्युरिन जास्त असते. सुकटही सध्या नको, कारण वाळवलेल्या मासळीत तेच द्रव्य थोड्या वजनात एकवटलेले असते. त्या दिवसांत अंडी, दूध, दही, पनीर यांवर भर द्यावा. पुढे बांगड्याचा एखादा तुकडा किंवा सुरमईची तुकडी खायला हरकत नाही. बिअर मात्र बंद, आणि या बाबतीत मी सूट देणार नाही. वजन स्थिरावल्यावर युरिक ऍसिड बहुतेकांचे शस्त्रक्रियेपूर्वीपेक्षाही खाली येते.

प्रश्न : माझ्या आईचे वय ६१, आम्ही गुहागर तालुक्यातले, पूर्ण शाकाहारी. चार वर्षांपूर्वी तिची मिनी बायपास, म्हणजे बायपासचाच एक प्रकार, झाली. पहिल्या वर्षी सगळे रिपोर्ट चांगले आल्याने तिने कॅल्शियम आणि इतर गोळ्या सोडल्या. आता नडग्या, बरगड्या, मांड्या दुखतात, पाटावरून उठताना हाताला धरावे लागते, चालणेही डुलत डुलत झाले आहे. गुडघ्याच्या एक्स-रेमध्ये झीज दिसली म्हणून सांधा बदलण्याचा सल्ला मिळाला आहे. काय करावे?

उत्तर : सांधा बदलण्याची घाई करू नका. झीज असेलही, एकसष्टाव्या वर्षी पुष्कळांच्या एक्स-रेमध्ये ती दिसते; पण नडगीवर आणि बरगड्यांवर दाबल्यावर दुखणे, बसल्या जागेवरून उठताना मांड्यांत बळ नसणे आणि डुलत चालणे ही लक्षणे गुडघ्याची नव्हेत. हे चित्र हाडे मऊ पडल्याचे आहे. मिनी बायपासमध्ये आतड्याचा बराच लांब भाग वगळला जातो, आणि कॅल्शियम मुख्यतः त्याच भागात शोषले जाते. ड जीवनसत्त्व स्निग्ध पदार्थांबरोबर शोषले जात असल्याने तेही कमी पडते. म्हणून या गोळ्या वर्षभराच्या नसतात, आयुष्यभराच्या असतात. पहिल्या वर्षीचे चांगले रिपोर्ट हे गोळ्या चालू होत्या म्हणून चांगले होते.

तपासण्या अशा कराव्यात : ड जीवनसत्त्व, कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फेटेज, पॅराथायरॉइड हार्मोन, क्रिएटिनिन, हिमोग्लोबिन, फेरिटिन आणि बी-१२. रक्तातले कॅल्शियम नॉर्मल आले म्हणून कोणी निर्धास्त होऊ नये. ते कमी पडू लागले की पॅराथायरॉइड ग्रंथी हाडांतून ओढून भरपाई करते. आकडा ठीक दिसतो आणि हाड पोखरले जाते. त्यामुळे या यादीत पॅराथायरॉइड हार्मोन हीच खरी साक्ष आहे. वजन टाकल्यावर जांघेत किंवा पावलाच्या वरच्या भागात नेमकी कळ येत असेल, तर तिथे हाडाला बारीक चीर नाही ना हे पाहायला हवे.

कॅल्शियमच्या गोळ्या घेताना 'कार्बोनेट' नको, 'सायट्रेट' मागावे, कारण कार्बोनेट विरघळायला जठरातले आम्ल लागते आणि बायपासनंतर अन्नाच्या वाटेत ते फारसे नसते. दिवसाला १२०० ते १५०० मिलिग्रॅम, तेही एकदम नव्हे, पाचशे-सहाशेच्या वाट्यांनी. लोहाची गोळी आणि कॅल्शियम यांत किमान दोन तासांचे अंतर ठेवावे. ड जीवनसत्त्व बायपासनंतर रोज ३००० युनिटच्या आसपास आणि रक्तातील पातळी मिलिलिटरला ३० नॅनोग्रॅमच्या वर राहील इतके द्यावे, असा सर्वसाधारण प्रघात आहे. आईंची पातळी फार खाली असेल, तर आठवड्याला ६०,००० युनिट किंवा इंजेक्शन द्यावे लागेल, आणि ते किती आठवडे हे डॉक्टरांनी पातळी पुन्हा तपासून ठरवायचे आहे. एखादी पुडी कधीतरी दुधातून घेतल्याने हे भरून निघत नाही. 'आमच्याकडे एवढे ऊन, मग ड कमी कसे?' असे मला नेहमी विचारतात. ऊन अंगणात असते आणि आई माजघरात, पडवीत किंवा माडा-पोफळीच्या सावलीत; अंगभर लुगडे, सावळी कातडी आणि चार महिने ढग. उन्हाने मदत होईल, पण तेवढ्यावर विसंबू नका.

शाकाहारी घरात प्रथिनांचा हिशेब बहुधा फसतो. कुळीथ उत्तम, १०० ग्रॅम कुळथात सुमारे २२ ग्रॅम प्रथिने असतात; परंतु वाटीभर पातळ पिठीत पीठ पडते दोन चमचे, म्हणजे प्रथिने चारपाच ग्रॅम. नाचणीत १०० ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, तिची आंबील जरूर द्या. पण तीही गोळीची जागा घेऊ शकत नाही. पिठी घट्ट करा, पनीर आणि घट्ट दही वाढवा, आणि गरज पडल्यास आहारतज्ज्ञांच्या सल्ल्याने प्रथिनांची पावडर घ्या.

हाडे भरून येईपर्यंत पाट आणि जमिनीवरची बैठक बंद ठेवून उंच खुर्ची व काठी वापरावी. पडणे टाळणे हे आत्ता औषधाइतकेच महत्त्वाचे आहे. काही महिन्यांनी, पातळ्या सुधारल्यावरही गुडघाच दुखत राहिला, तर सांध्याच्या शस्त्रक्रियेचा विचार करता येईल, आणि तेव्हा तो नवा सांधा पक्क्या हाडात बसेल.

प्रश्न : वय २९, रत्नागिरी. शस्त्रक्रियेला पाच महिने झाले, ३१ किलो उतरले. चालताना डाव्या पायातली चप्पल निसटते, अंगठा उंबरठ्याला अडतो. घरी म्हणतात शीर भरली आहे, मालिशवाल्याकडे ने.

उत्तर : मालिशवाल्याकडे जाऊ नका. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, नडगीशेजारच्या बारीक हाडाच्या मानेला वळसा घालून एक मज्जातंतू कातडीच्या अगदी जवळून जातो आणि पाऊल वर उचलण्याचे काम तो सांभाळतो. वजन वेगाने उतरले की त्याच्यावरची चरबीची उशी जाते, आणि मांडीवर मांडी टाकून किंवा बराच वेळ उकिडवे बसल्याने तो दाबला जातो. असे बसणे आजपासून सोडा, मज्जातंतूची तपासणी करून घ्या आणि पाऊल सावरणारी पट्टी मिळेपर्यंत मागे पट्टा असलेली चप्पल घाला. दाब काढला की बहुतेकांचे काही महिन्यांत भरून येते. सोबत बी-१२, बी-१ आणि तांबे यांचीही तपासणी हवी. उलट्या होत असतील आणि दोन्ही पाय बधिर वाटत असतील, डोळ्यांना दुहेरी दिसत असेल किंवा तोल जात असेल, तर ती बी-१ ची तीव्र कमतरता असू शकते, आणि ती त्याच दिवशी इंजेक्शनने भरून काढावी लागते.

प्रश्न : सावंतवाडीजवळच्या आठवडा बाजारात सांधेदुखीवर जडीबुटीची पूड मिळते. बायपासनंतर ऍलोपथीच्या गोळ्या चालत नाहीत म्हणून मी ती पाच महिने घेत आहे. दोन दिवसांतच आराम पडला होता. चालू ठेवू का?

उत्तर : दोन दिवसांत आराम पडला, हीच शंकेची जागा आहे. अशा बिननावाच्या पुड्यांत स्टेरॉइड किंवा डायक्लोफेनॅकसारखे औषध मिसळलेले अनेकदा आढळले आहे. म्हणजे ज्या गोळीपासून आपण दूर राहिलात तीच बाजारातून पुडीत आणली, असे होऊ शकते. तरीही ती आजच्या आज बंद करू नका. त्यात स्टेरॉइड असेल, तर पाच महिन्यांत शरीराने स्वतःचे नैसर्गिक स्टेरॉइड, म्हणजे कॉर्टिसॉल, तयार करणे कमी केलेले असते, आणि एकदम थांबवल्यास उलट्या, गळाठा, रक्तदाब उतरणे असा धोकादायक प्रकार होतो. उरलेली पूड वेष्टनासह घेऊन याच आठवड्यात फिजिशियनकडे जा. रक्तदाब, साखर, पोटॅशियम आणि सकाळी आठच्या सुमाराचे कॉर्टिसॉल पाहून ते पूड कशी कमी करायची किंवा तिच्याऐवजी मोजकी मात्रा देऊन ती कशी उतरवायची हे ठरवतील. चेहरा सुजल्यासारखा झाला असेल, कातडीखाली सहज निळे डाग पडत असतील किंवा मध्यंतरी काळी शौच झाली असेल, तर तेही आवर्जून सांगा. नारळाच्या कोमट तेलाची मालिश मात्र खुशाल चालू ठेवा.